दादा, पण चार वर्षांचा

*बाई, नमस्कार.*

*मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. मुलगा सव्वाचार वर्षांचा, ज्युनिअर केजीला जातो. मुलगी १९ महिन्यांची. सासूबाई निफाडकडच्या गावी असतात, महिन्यातून आठ-दहा दिवस आमच्याकडे येतात.*

*दादा आधी खूप समजूतदार होता. पिल्लू (पूर्वी मी दादालाच पिल्लू म्हणायचे) चालायला लागल्यापासून तो बदललाय. येता-जाता तिला ढकलतो, तिच्या हातातलं ओढतो, बोबडं बोलतो, तिच्यासारखी बाटली मागतो. वर्षभर रात्री कोरडा राहायचा, आता आठवड्यातून तीन-चारदा गादी ओली. या थंडीत गादी वाळतही नाही. पिल्लू पण त्याची चित्रं फाडते, त्याला चावते. मिस्टरांची सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळी मी एकटी. एकीला भरवायचं, एकाचा गृहपाठ, कुकर, रडारड. शेवटी दोघांच्या हातात मोबाइल देते.*

*संक्रांतीनंतरच्या रविवारी पिल्लूचं बोरन्हाण केलं. दादाला बोरांचं ताट धरून उभं केलं होतं. बायका तिला ओवाळत होत्या, तेवढ्यात त्यानं तिला पाटावरून ढकललं. कपाळाला टेंगूळ आलं. मी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. तो रडला नाही. आतल्या खोलीत जाऊन दाराआड उभा राहिला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही चार वाढवली, असली थेरं नव्हती. मी दोघांना सगळं सारखं करते हो. माझं कुठे चुकतंय?*

तुझं पत्र मी रात्री दोनदा वाचलं आणि सकाळी चहाबरोबर परत एकदा. तुला अगंतुगंच करते, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल.

पत्रात तुझ्या मुलाचं नाव नाही. सगळीकडे ‘दादा’ आहे. तुझ्या कदाचित लक्षातही आलं नसेल, पण मी पहिल्याच वाचनात तिथे थांबले. १९ महिन्यांपूर्वी तुझ्या घरात अडीच-पावणेतीन वर्षांचं एक मूल होतं. त्याला बारशाला ठेवलेलं नाव होतं आणि लाडाचं एक नाव होतं, पिल्लू. तू बाळंतपणाला दवाखान्यात गेलीस, चार दिवसांनी परत आलीस, आणि त्याची दोन्ही नावं गेली. लाडाचं बाळाला मिळालं, खऱ्याच्या जागी ‘दादा’ आला. आल्या-गेल्या प्रत्येकानं त्याला एकच सांगितलं, आता तू मोठा झालास हं. अडीच-पावणेतीन वर्षांचं पोर, अजून चड्डीची नाडी सुद्धा सुटत नव्हती त्याला.

मी तुला दोष देत नाही. आपल्याकडे घरोघरी हेच होतं आणि प्रेमानंच होतं. मीही केलंय. माझ्या दोघींत पावणेतीन वर्षांचं अंतर. आम्ही पंचवटीत वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. धाकटी चार-पाच महिन्यांची असताना एका दुपारी थोरली दिसेना. जिन्यात पाहिलं, चौकात पाहिलं, शेजारच्या काकूंकडे विचारलं. पोटात गोळा आला. शेवटी सापडली ती मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीच्या आडोशाला. बाळाचं दुपटं डोक्यावरून घट्ट गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून पडली होती. म्हटलं, अगं, काय करतेस इथे? डोळे न उघडताच म्हणाली, ‘मी लहान झाले.’ त्या सकाळी मी तिला निदान दहा वेळा म्हटलं असेन, तू मोठी ना आता. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिला दुपट्यासकट मांडीवर घेतलं. ती हसलीसुद्धा नाही, नुसती पडून राहिली, बराच वेळ. पुढे तीसेक वर्षं बालवाडीत शिकवलं, शेकडो मुलं पाहिली, पण मला पहिला धडा त्या कोठीआड मिळाला.

म्हणून तुला पहिलं काम हे सांगते. महिनाभर घरात ‘तू मोठा ना’ हे वाक्य बंद. कुणाच्याही तोंडी नको. तुझ्या नको, मिस्टरांच्या नको, आईंच्या नको, वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या नको. आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. धाकटी त्याला दादा म्हणेल तेव्हा म्हणू दे, ते तिचं नातं आहे. तुझा तो दादा नाही, मुलगा आहे. ‘पिल्लू’ नावही दोघांचं असू दे. रात्री झोपताना एकदा त्याला ते म्हणून बघ आणि त्याचा चेहरा बघ.

आता तू म्हणशील, मग त्याला मोठं व्हायला शिकवायचंच नाही का? शिकवायचं, पण मोठेपणातून त्याला आजवर काय मिळालं ते एकदा मोजून पाहा. बाळ झोपलंय, आवाज नको. तिला दे, ती लहान आहे. रडू नकोस, तू मोठा आहेस. ताट धर. मोठेपणाचं सगळं ओझं त्याच्या वाट्याला आलं, मान एकही आला नाही. थोडा मान दे. तिला जमत नाही आणि त्याला जमतं असं काहीतरी फक्त त्याचं हवं. तुमच्या घरापासून पांडवलेणी हाकेच्या अंतरावर आहे. मिस्टरांच्या साप्ताहिक सुट्टीला सकाळी त्यांनी एकट्या थोरल्याला घेऊन पायऱ्या चढायच्या. वर दगडात कोरलेले खांब आहेत, हत्ती-सिंह आहेत, खाली महामार्गावरच्या गाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीची ती लेणी आहेत हे त्याला आज कळणार नाही, पण ‘बाबा आणि मी वर जातो, ती लहान आहे म्हणून येत नाही’ हे नक्की कळेल. मोठं असण्याची गोडी तिथे लागते.

तो आत्ताच का बिथरला, हेही समजून घे. पहिले काही महिने ती एका जागी पडून होती. तू तिला घेत होतीस, हे त्याला बोचत असेल, पण त्याचा कोपरा त्याचा होता. ती चालायला लागली आणि सरळ त्याच्या ठोकळ्यांवर आली. त्यानं तासभर खपून रचलेला पूल एका फटक्यात खाली, रंगवलेलं चित्र फाटलेलं, वर सगळे म्हणणार, असू दे रे, तिला कळत नाही. त्याच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नाही. १९ महिन्यांच्या मुलीला खरंच कळत नाही, तिचाही काही दोष नाही. ‘वाटून घ्या’ हे तिच्या वयात डोक्यात शिरत नाही आणि चार वर्षांच्यालाही ते नुकतंच कुठे कळू लागलेलं असतं. तेव्हा वाटून घ्यायला सांगू नकोस, जागा वेगळी कर. डायनिंग टेबलावर किंवा पलंगावर, तिचा हात पोहोचणार नाही इथे त्याचं खेळणं आणि चित्रं. कपाटातला एक खण पूर्ण त्याचा, त्यातलं तिला द्यायचं की नाही हे तो ठरवेल. ती त्यात हात घालायला लागली तर तू तिला उचलून बाजूला ने आणि त्याच्या देखत म्हण, ‘हे तुझ्या दादाचं आहे, आपण त्याला विचारू.’ तू त्याच्या बाजूनं एकदा उभी राहिलेली त्याला दिसली, की ढकलण्याची निम्मी गरज तिथेच संपते. हे मी वर्गात इतक्या वेळा पाहिलंय की अगदी खात्रीनं सांगते.

तिच्या चावण्याबद्दल थोडक्यात. या वयात शब्द जेमतेम असतात. राग, आनंद, दात येण्याचा ठणका, सगळं तोंडानंच बाहेर पडतं. कुणी सांगेल, तूही तिला चाव म्हणजे कळेल. अजिबात करू नकोस. ‘चावायचं नाही, दुखतं’ एवढंच म्हणून तिला दूर घे आणि आधी ज्याला चावलंय त्याला जवळ घे.

त्यानं ढकललं तर त्या क्षणी काय करायचं? भाषण नको. ‘का केलंस?’ विचारू नकोस, चार वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही, तो खाली मान घालेल किंवा काहीतरी खोटं सांगेल. दोघांच्या मध्ये जा, त्याचा हात धर, घट्ट पण दुखेल असा नाही, आणि म्हण, ‘ढकलायचं नाही. मी ढकलू देणार नाही.’ मग धाकटीकडे बघ. जबरदस्तीनं सॉरी म्हणायला लावू नकोस, त्यानं मुलं फक्त शब्द शिकतात. ती शांत झाली की त्याला विचार, तिला बरं वाटायला आपण काय करूया? कधी तो पाणी आणेल, कधी काहीच करणार नाही. दोन्ही चालेल. आणि नीट लक्ष ठेवलंस तर ढकलण्याच्या आधीची वेळ तुला ओळखू येईल. बहुतेक वेळा तो भुकेला असतो, नाहीतर झोपेला आलेला.

आता तुझ्या धपाट्यांबद्दल. तू झोपत नाहीस, ते मला वाचवेना. मारणं चुकलं, आणि सगळ्यांसमोर मारणं जास्त चुकलं, हे तुला माहीत आहे म्हणूनच तू लिहिलंस. पण मनात कुढत बसून त्याला काही मिळत नाही. त्याच्याशी बोल. तो शांत असताना, दोघंच असताना, त्याच्या उंचीला खाली बसून: ‘बोरन्हाणाच्या दिवशी मी तुला मारलं. ते माझं चुकलं. मला खूप राग आला होता. राग आला तरी मारायचं नाही, आईनंही नाही.’ बस. ‘पण तूही तिला ढकललंस ना’ हे पुढे जोडू नकोस. ‘पण’ आला की माफी गेली. तो म्हणेल, ‘हं,’ आणि गाडीशी खेळायला लागेल. तुला वाटेल काही पोहोचलंच नाही. पोहोचलेलं असतं. तो दाराआड रडला नाही, कारण कुणासमोर रडायचं ते त्याला कळलं नाही. तुझ्यासमोर रडायला लागला की समज, गाडी रुळावर येतेय.

बाटली मागतो तर दे. पेल्यातलं दूध बाटलीत ओतून दे, मांडीवर घेऊन दे, हसू नकोस आणि शेजारणीला त्याच्यादेखत सांगू नकोस. चार-आठ दिवसांत त्याचं मन भरतं, बाटलीतून दूध फार हळू येतं हे त्याला आठवतं. बोबड्या बोलण्याचंही तेच. टोकायचं नाही, आपण आपलं सरळ बोलत राहायचं.

गादीचं मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण या दिवसांत नाशिकच्या थंडीत ओली गादी म्हणजे घरभर वैताग. गादीवर आधी मेणकापड किंवा रबरी शीट, त्यावर जुनी गोधडी, त्यावर परत शीट आणि परत गोधडी. रात्री ओलं झालं की वरचा थर काढायचा, खाली कोरडं तयार. दिवा लावून आरडाओरडा नको, कपडे बदलायचे आणि झोपवायचं. झोपण्यापूर्वी शू करायला न्यायचं. दिवसभर पाणी नीट प्यायला द्यायचं, संध्याकाळी उशिरा एकदम तांब्याभर नको. पाच वर्षांपर्यंत रात्री गादी ओली होणं हे डॉक्टरही आजार धरत नाहीत. पण तुझा मुलगा वर्षभर कोरडा राहून परत सुरू झालाय, म्हणून तुमच्या बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घेच. लघवी करताना दुखतं का, दिवसाही चड्डीत होते का, तहान फार लागते का, वजन उतरतंय का, शी घट्ट होते का, हे पाहून जा. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित साखर, यातलं काही असेल तर ते लाडानं किंवा रागानं बरं होणार नाही, औषधानं होईल. तहान आणि लघवी एकदम वाढलेली दिसली तर मात्र भेटीची वेळ ठरवत बसू नकोस, त्याच दिवशी जा. काही नसेल तर निर्धास्त राहा. मन निवलं की गादीही कोरडी राहू लागते.

संध्याकाळबद्दल तू जे लिहिलंस, ते वाचताना कुकरची शिट्टी मला इथे ऐकू आली. सहा ते नऊ ही वेळ लहान मुलांच्या घरात सगळ्यात कठीण. ती भुकेली, तो दमलेला, तू सकाळपासून उभी. तिथे शिस्तीनं काही होत नाही, वेळ बदलावी लागते. मुलांचं रात्रीचं जेवण साडेसहाला घाल. हो, साडेसहा. वरणभात, मऊ खिचडी, सकाळची पोळी दुधात कुस्करून, जे असेल ते. तुमचं जेवण नंतर सावकाश. त्याआधी पाच ते सहा बाहेर. गोविंदनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, नाहीतर सोसायटीचं आवार, स्वेटर-कानटोपी घालून. घरात भांडणारी दोन मुलं बाहेर मातीत एका काडीनं तासभर खेळतात. आणि झोप. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलेलं प्रमाण असं: एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास. तुझा मुलगा शाळेसाठी सातला उठत असेल आणि रात्री बाबा येईपर्यंत, म्हणजे साडेअकरापर्यंत जागत असेल, तर हिशेब तूच कर. बाबांना भेटायचं ते सकाळी. सेकंड शिफ्टवाल्या माणसाची सकाळ मोकळी असते.

आरोग्य संघटनेनं त्यातच मोबाइलचंही सांगितलंय. दोन वर्षांच्या आत नकोच, दोन ते चार वर्षांत फार तर एक तास, कमी असेल तर उत्तम. पण तू एकटी असतेस आणि ओट्यावर तेल तापलेलं असतं, हे मला कळतं. दोघांचा एकदम बंद करू नकोस. आधी जेवतानाचा बंद कर. तिला मोबाइल दाखवत भरवतेस, त्यात ती किती आणि काय खातेय हे तिचं तिला कळत नाही. चार दिवस कमी खाईल, खाऊ दे. वर्ष उलटल्यावर वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही कमी होते. पहिल्या वर्षात वजन तिप्पट झालेलं मूल पुढे त्या गतीनं वाढत नाही. दूधही बघ, दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. दुधानं पोट भरलं की जेवण जात नाही आणि अंगात लोह कमी पडतं. स्वयंपाकाच्या वेळी तिला ओट्यापासून लांब, तुला दिसेल अशी जमिनीवर बसव, एक पातेलं, दोन वाट्या आणि पळी दे. त्याला मटार सोलायला बसव. निम्मे तो खाईल, तेही बरंच. कंपनीतून चहाच्या सुट्टीत बाबांचा व्हिडिओ कॉल येतो, तो मी मोबाइलमध्ये धरत नाही.

गृहपाठ. सव्वाचार वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरं गिरवायला बसवणं मला कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याच्या बोटांत अजून ती ताकद नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या; पुढे १९५७ मध्ये दोघी कोसबाडला गेल्या. पानं, शंख, बिया, माती, गाणी, यांतून त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना शिकवलं. इतकी वर्षं झाली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातूनच शिकवा असं म्हटलंय, पहिलीचं वय सहा पूर्ण धरलंय. तुझ्या मुलाच्या हातात पावणेदोन वर्षं आहेत. शाळेत जाऊन बाईंना शांतपणे सांग की संध्याकाळी तो दमतो, आम्ही जमेल तेवढंच करू. त्याऐवजी कणकेचा गोळा दे, रोज एक गोष्ट सांग. वही कोरी राहिली तर माझं नाव सांग.

सगळ्यात महत्त्वाची पंधरा मिनिटं राहिली. दुपारी तो शाळेतून येतो तेव्हा धाकटी झोपलेली असते ना? तू तेव्हा भांडी घासत असशील. भांडी राहू देत. ती पंधरा मिनिटं त्याची. मोबाइल दुसऱ्या खोलीत, खेळ तो निवडेल, तू शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. तो म्हणाला तू वाघ हो, तर वाघ व्हायचं. रोज. जमलं नाही तर त्याला सांगायचं की आज राहिलं, उद्या करू, आणि उद्या करायचं. तू लिहितेस, दोघांना सगळं सारखं करते. एकाच रंगाचे स्वेटर, दोघांना दोन-दोन बिस्किटं. तुझ्या मनात न्याय आहे, पण मुलं तसं मोजत नाहीत. त्याला तिच्याएवढं नकोय. आई आपल्याकडे बघतेय, एवढंच त्याला हवंय, आणि ते बिस्किटांसारखं वाटता येत नाही. तिला दिवसभर तुझी कड मिळते. त्याला ही पंधरा मिनिटं मिळू देत.

मिस्टरांना हे पत्र वाचायला दे. सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळची अंघोळ, डबा भरणं, व्हॅनपर्यंत सोडणं त्यांचं. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळची बाग त्यांची. नाइटच्या आठवड्यात दिवसा त्यांना झोपू दे, माणूस मशीनवर उभा असतो. तू त्यांच्याकडे ‘थोडी मदत करा’ म्हणून मागू नकोस, मुलं दोघांची आहेत, कामाची वाटणी बोलून करा.

आणि आईंशी वाद घालू नकोस. त्यांनी चार वाढवली हे खरं आहे, ती सोपी गोष्ट नव्हती. पण त्यांच्या चारांना मोठं अंगण होतं, चुलत्या होत्या, आजी होती, मळा होता. मूल रुसलं तर रुसून जायला जागा होती. तुझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि तू. हे त्यांना ऐकवून पटणार नाही. त्या आल्या की थोरल्याला त्यांच्याजवळ झोपव आणि सांग, आई, याला तुमच्याकडच्या गोष्टी सांगा, मळ्यात कोल्हा यायचा तेव्हाच्या. आठ दिवस नातू कुशीत झोपला की त्याच त्याची बाजू घेऊन तुझ्याशी भांडतील, बघ.

बोरन्हाणाचं शेवटी ठेवलं होतं. आपल्याकडे ते पाच वर्षांपर्यंत करतात, आणि रथसप्तमी अजून व्हायची आहे. तुझा मुलगा सव्वाचारच आहे. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांसमोर तिला काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, सगळ्या बायका तिच्याभोवती, आणि त्याच्या हातात ताट. परत पाट मांड. मोठा समारंभ नको, सोसायटीतली पाच-सहा मुलं बोलाव. काळा सदरा, हलव्याचा हार, तू स्वतः ओवाळ, आणि ओवाळताना त्याचं नाव घे. तेव्हा त्याचं ताट दुसरं कुणीतरी धरेल. मुलं खाऊ लुटायला धावतील, तोही पाटावरून उठून धावेल, धावू दे. आणि मला त्याचं नाव लिहून कळव.

*ता. क.* त्या बोरन्हाणात धाकटीकडे नीट लक्ष ठेव. बोरांच्या बिया, चुरमुरे, हरभरे, शेंगदाणे, हलवा, उसाचे करवे, जमिनीवर पडलेलं सगळं ती तोंडात घालणार आणि तिला अजून मागच्या दाढा नाहीत. तिला कडेवर घेऊन बस, मुलांचं लुटून झालं की लगेच केर काढ. आणि गावाकडून आता द्राक्षं यायला लागतील. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोबर बसतं आणि श्वास अडकतो, तिच्याही आणि त्याच्याही. पाच वर्षांपर्यंत अख्खं द्यायचं नाही. आडवी चकती नको, उभं चिरायचं, एका मण्याच्या चार फोडी. चिरायचं काम तुझं, वाटीत चार-चार मोजून टाकायचं त्याला दे.